बुधवार बाजाराच्या पिशवीत ब्रह्मदेश

सक्करदरा चौकातून उमरेड रोड धरला की तो रस्ता दिघोरीवरून उमरेड, भिवापूर आणि पुढे नागभीडला जातो. आमच्या गल्लीतील बहुतेक घरांची मूळ गावे याच रस्त्याच्या आजूबाजूला आहेत. माझ्या सासूबाई नागभीडकडच्या. लग्न होऊन त्या नागपूरला आल्या त्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने. ती गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. बाहेरगावच्या माणसाला सक्करदरा म्हटले की तो तलावाचे नाव काढतो, राजे रघुजींचा वाडा आणि तिथे राहिलेले बाबा ताजुद्दीन यांच्याविषयी विचारतो, नाही तर आयुर्वेदाचे सरकारी रुग्णालय विचारतो. आता उड्डाणपूलही झाला आहे. इथल्या बाईला विचाराल तर ती मात्र बुधवार बाजार सांगेल.

या बाजारात माझी पिशवी भरते. तिच्यात फार काही नसते. तांदूळ, बेसन, कांदे, लसूण, अद्रक, भेदरे, चिंच, शेंगदाणे, सांबाराची जुडी, मिळाली तर कच्ची पपई. आणि सर्वांत खाली, दोन कागदांत गुंडाळून वर पुन्हा प्लास्टिकची पन्नी बांधलेले शंभर ग्रॅम सुके झिंगे. पुण्या-मुंबईच्या भगिनींसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माझी धाकटी जाऊ पुण्याची. पहिल्याच आठवड्यात तिला सांबार आणायला पाठवले तर ती इडलीवाला शोधत फिरली!

झिंगे सर्वांत खाली का, ते पुढे येईल.

आधी तांदळाविषयी. आमच्याकडे रोजचा तांदूळ एच.एम.टी. हे नाव घड्याळाचे, हे सर्वांना माहीत आहे. पण हे वाण कोणी शोधले, हे तांदूळ निवडणाऱ्या किती बायांना माहीत आहे? नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, शेती दीडेक एकर. १९८३ मध्ये आपल्या बांधीत ‘पटेल ३’ धानाच्या काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, त्यांचेच बी पुन्हा पेरले, पुन्हा निवडले. अशी वर्षे घालवून बारीक, चवदार तांदूळ हाती आला. त्या काळी एच.एम.टी. घड्याळाची चलती होती म्हणून तेच नाव पडले. पुढे हा तांदूळ राज्याबाहेरही पेरला गेला. श्रेय मिळाले ते उशिरा आणि पैसा तर फारच थोडा. २०१८ मध्ये दादाजी गेले. सासूबाई अजूनही तांदूळ निवडताना “आमच्या तिकडच्या दादाजीचा” असेच म्हणतात. त्याच रस्त्यावर अलीकडे भिवापूर, जिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे भात आणि तिखट ही आमच्या ताटातील दोन मुख्य माणसे उमरेड रोडनेच नागपुरात शिरतात.

आता या पिशवीतून स्वयंपाक काय करायचा? भात-वरण, भाकर, भाजी, कधी पाटवडी-रस्सा, रविवारी मटण नाही तर कोंबडी. घरधनी हिंगण्याच्या एम.आय.डी.सी.तून येईपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. माझा दिवस शिवणयंत्रावर जातो. सातच्या सुमारास मुले विचारतात, “आई, आज काय?” आणि उत्तर ऐकायच्या आधीच म्हणतात, “चायनीज आण ना!”

चौकातल्या गाडीवरचे चायनीज मीही खाल्ले आहे. कोबी बारीक चिरलेली, मोठ्या जाळावर कढई उडवली जाते, वास सुटतो, मुलांचे डोळे चमकतात. त्यात वाईट काही नाही. फक्त ते चीनचे नाही. कलकत्त्याला येऊन स्थायिक झालेल्या हक्का चिनी लोकांनी आपल्या लोकांच्या जिभेला रुचेल असे ते घडवले, आणि मांचुरियन तर मुंबईत जन्मले. मांचुरियात ते कुणाला ठाऊकही नसेल. ज्या पांढऱ्या दाण्यांवरून आया ओरडतात, ते अजिनोमोटो जपानचे. किकुनाए इकेदा या प्राध्यापकाने १९०८ मध्ये समुद्रातील वनस्पतीच्या सूपमधून ती चव वेगळी काढली. थोड्या प्रमाणात ते विष नाही, उगाच घाबरू नये. मीठ आणि तेल मात्र गाडीवर भरपूर असते, तिकडे लक्ष द्यावे. गंमत अशी की हीच चव सुक्या झिंग्यात आणि पिकलेल्या भेदऱ्यात मुळातच असते. आमच्या आज्या ती चिमटीने आमटीत टाकत होत्या, फक्त त्यांना तिचे नाव ठाऊक नव्हते.

मुलांना गाडीवरून परत आणताना मला एक गोष्ट नेहमी खटकायची. आपण बौद्ध आहोत. जपान, श्रीलंका, थायलंड, ब्रह्मदेश, तिबेट ही नावे आपल्या घरात जेवढी घेतली जातात तेवढी नागपुरातील दुसऱ्या कुठल्याही समाजाच्या घरात घेतली जात नसतील. बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेत कँडीला गेले, १९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, आणि दीक्षेनंतर महिनाभरात काठमांडूला गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांच्या तोंडून बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले ते महास्थविर चंद्रमणी कुशीनाऱ्याचे म्हणून आपण ओळखतो, पण त्यांचा जन्म ब्रह्मदेशातील अराकानचा. भदंत सुरई ससाई जपानमध्ये जन्मले आणि नागपूरचे होऊन गेले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये उभे राहिले ते जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने. तिथल्या पायऱ्यांवर काढलेला फोटो आपल्या किती घरांत आहे! तरीही त्या देशांतील साधी माणसे रोज रात्री काय रांधून खातात, हे आपल्याला ठाऊक नाही. त्यांची विहारे आपण पाहिली, चुली नाही पाहिल्या.

मलाही नव्हते ठाऊक. ते कळले कुशीनगरला.

काही वर्षांपूर्वीच्या थंडीत आम्ही गल्लीतील बारा-तेरा जण धम्मयात्रेला गेलो होतो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर बस. सासूबाई बरोबर होत्या. महापरिनिर्वाण विहारातील भगवंतांची निजलेली मूर्ती पाहून त्या बराच वेळ पायाशी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी धुके इतके होते की दहा पावलांवरचे दिसत नव्हते. आम्ही ब्रह्मी विहाराकडे गेलो. चंद्रमणी महास्थवीर कुशीनगरला राहिले, म्हणून आमच्या दृष्टीने ती जागा दीक्षाभूमीच्या नात्यातली. तिथे ब्रह्मदेशातील यात्रेकरू उतरले होते. मागच्या बाजूला त्यांच्या बाया स्वयंपाक करीत होत्या. आम्हाला पाहून एका वयस्क बाईने हाताने खूण केली, बसा. भाषा येत नव्हती. तिला हिंदीतील दहा-बारा शब्द येत होते, आम्हाला ब्रह्मीतील एकही नाही.

तिने परातीतून पिवळ्या वड्या काढल्या. लांब पट्ट्या कापल्या. सासूबाईंनी मला कोपराने ढोसले. “हे त पाटवडी व्हय!”

खरोखरच पाटवडी! त्या बाईने बेसनाची पिशवी उचलून दाखवली. म्हणाली, “शान. तोहू.” मग वाडग्यात पट्ट्या टाकून त्यावर चिंचेचे पाणी, तळलेला लसूण, त्याचेच तेल, कुटलेले शेंगदाणे, लाल तिखट, सांबार असे टाकीत गेली. एकेक डबा उघडत होती आणि सासूबाई एकेका डब्याला मान डोलवीत होत्या. शेवटचा डबा उघडला आणि वास आला.

सुक्या झिंग्यांची पूड होती ती.

सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, “हे त आपलेच झिंगे!” आणि हसू लागल्या. ती बाईही हसली. मला मात्र हसू आले नाही. माझे डोळे भरून आले आणि ते का, हे तेव्हा कुणाला सांगता आले नाही.

आम्ही लग्नानंतरची चार वर्षे भाड्याच्या खोलीत काढली. घरमालकीण वाईट बाई नव्हती. तिच्या मुलीचे कपडे मी शिवून द्यायची. एकदा पावसाळ्यात भाजी महाग झाली म्हणून मी झिंगे भाजले. खिडकी उघडी होती. संध्याकाळी ती दारात आली. आत आली नाही. नाकाला पदर लावून म्हणाली, “तुमच्या घरात हे असलं शिजतं हे आधी सांगायला पाहिजे होतं.” महिनाअखेरीस खोली सोडावी लागली. कारण तिने वेगळेच सांगितले, पण आम्हाला कळले. त्यानंतर जिथे राहिलो तिथे झिंगे भाजायचे तर रात्री दहानंतर, खिडकी लावून, दाराखाली पोते टाकून. आणि बाजारातून आणायचे ते पिशवीच्या तळाशी. आता घर आमचे आहे, भाड्याचे नाही. तरी हाताला सवय लागली ती लागली. मराठवाड्यातील आपल्या लोकांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले. ते नंतर वाचनालयातून आणून वाचले, तेव्हा कळले की अन्न लपवून खाणारी मी एकटी नाही.

आणि इथे, भगवंतांच्या परिनिर्वाणाच्या गावी, विहाराच्या आवारात ही बाई तोच डबा उघडून सर्वांसमोर भुरभुरत होती. तिच्यासाठी ती मीठ-मिरचीसारखी रोजची वस्तू. ब्रह्मदेशात अशी पूड कोशिंबिरीवर टाकतात, मासळी आंबवून केलेली नगापी जवळजवळ प्रत्येक जेवणात असते. सकाळी न्याहारीला मोहिंगा खातात, म्हणजे तांदळाच्या शेवयांवर मासळीचा रस्सा, आणि तो दाट करायला भाजलेले बेसन. आपण रश्शाला भाजलेले बेसन लावतो तसेच. आपल्यासारखीच भात, बेसन, मासळी आणि मिरची यांवर जगणारी माणसे ती.

परत आल्यावर मी तोहू करून पाहिला. पहिल्या खेपेला बिघडला, कारण मी पाटवडीच्या अंदाजाने पाणी घेतले. आपली पाटवडी घट्ट, फोडणीची, रश्शात टिकली पाहिजे अशी. तोहू मऊ असतो, ताटात बोट लावले की थरथरतो. शिवाय फोडणी नसते, सगळी चव वरून. दोन-तीनदा केल्यावर जमला. प्रमाण असे:

एक वाटी बेसन, पाव चमचा हळद आणि चवीपुरते मीठ दीड वाटी पाण्यात कालवावे. गुठळी राहू देऊ नये, वाटल्यास गाळून घ्यावे. गंजात दुसरे दीड वाटी पाणी उकळत ठेवावे. उकळी आली की आच कमी करून कालवण एका हाताने सोडावे आणि दुसऱ्या हाताने सराटा फिरवत राहावे. इथे थांबले की बुडाला लागते, तेव्हा दाराची कडी वाजली तरी उठू नये. आठ-दहा मिनिटांत चमक येते, कच्च्या बेसनाचा वास जातो आणि सराट्यावरून जाडसर धार पडते. मग तेलाचा हात लावलेल्या खोलगट थाळीत ओतावे. दोन तासांनी पट्ट्या कापाव्यात. शान भागातील बाया कालवण रात्रभर ठेवून वरचे पाणी काढून टाकतात म्हणे, त्याने आणखी मऊ होतो. कामावरून आलेल्या बाईला ते जमायचे नाही, आणि त्यावाचून अडतही नाही.

वरचे घालायचे मात्र नीट करावे. आठ-दहा लसूणपाकळ्या पातळ चकत्या करून चार चमचे तेलात मंद आचेवर सोनेरी तळाव्यात. करपल्या तर कडू लागतात. लसूण बाजूला, तेल बाजूला, दोन्ही लागते. सुपारीएवढी चिंच कोमट पाण्यात कोळावी. सोया सॉसची छोटी बाटली आता कुठल्याही किराणा दुकानात मिळते, एक चमचा पुरे. त्यात मीठ फार असते, घरात कुणाला ब्लड प्रेशर असेल तर ते न घालताही चालते. शेंगदाण्याचा जाडसर कूट, भिवापुरी तिखट, कच्चा कांदा, सांबार. झिंगे हवे असतील तर डोकी-शेपट्या काढून तव्यावर कोरडे भाजावेत आणि खलबत्त्यात कुटावेत. सगळे हलक्या हाताने कालवून लगेच वाढावे. चार माणसांना एक वाटी बेसन पुरते. बरोबर गरम भात. उरलेल्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी तेलात तळल्या तर मुलांचा डबा होतो.

मुलांनी पहिल्या दिवशी तोंड वाकडे केले. “हे चायनीज नाही,” असे धाकट्याने जाहीर केले. मी त्याला चीन, ब्रह्मदेश आणि आपले ईशान्य भारत यांचा नकाशा दाखवला. त्याने नकाशा पाहिला नाही, पण तळलेला लसूण एकट्याने संपवला. आता तो महिन्यातून दोनदा मागतो.

एकदा डोळे उघडले की मग आणखी दिसू लागते. थायलंडमध्ये कच्ची पपई किसून उखळात लसूण, मिरची, लिंबू, गूळ, भेदरे, चवळीच्या कोवळ्या शेंगा आणि शेंगदाणे यांच्याबरोबर ठेचतात. आमच्या मागच्या अंगणात पपईचे झाड आहे आणि इतकी वर्षे आम्ही कच्ची पपई एक तर शिजवायचो नाही तर वाटून टाकायचो. ते माशाचा खारट रस घालतात. मी मीठ आणि अर्धा चमचा झिंग्याची पूड घालते. चूल न पेटवता होणारी ही भाजी मे महिन्यात, जेव्हा नागपूरचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा फार उपयोगी पडते. गरोदर बाईने मात्र कच्ची पपई खाऊ नये.

तिबेटी लोक तर आपले शेजारीच. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ त्यांची नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ पासून आहे. त्यांना आपण हिवाळ्यात स्वेटर विकणारे म्हणून ओळखतो. भाव करतो, पण जेवलात का असे विचारत नाही. त्यांच्यात थेंथुक नावाचा प्रकार आहे. कणीक मळून तिचे छोटे चपटे तुकडे तोडून थेट उकळत्या भाजीच्या रश्शात टाकायचे. वाचताच कळले असेल, आपली वरणफळे! फरक एवढाच की वरणाऐवजी मुळा, पालक, कांदा, अद्रक यांचे पातळ पाणी, आणि खाणाऱ्याला हवे तर मटणाचे तुकडे. थंडीच्या रात्री एका गंजात सगळ्या घराचे जेवण होते आणि भांडे घासायला एकच.

आणि सोयाबीन. हे लिहिताना मला थोडा राग येतो. विदर्भाच्या रानोमाळ सोयाबीन आहे. आपले भाऊबंद ते पिकवतात, भाव पडला की रडतात. त्याचे तेल निघते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. दाण्यात ३६ ते ४० टक्के प्रथिने असतात. चीन-जपानच्या गरिबांनी शतकानुशतके त्याचाच टोफू करून लेकरे वाढवली. जपानी विहारांतील शाकाहारी जेवणाचा तर तो कणाच. आणि आपण पनीर परवडत नाही म्हणून हळहळतो. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवावे, साले चोळून काढावीत, भरपूर पाणी घालून वाटावे, फडक्यातून गाळावे. ते दूध चांगले पंधरा मिनिटे उकळलेच पाहिजे, कच्चे पोटाला बाधते. फेस फार येतो, गंज मोठा घ्यावा. मग आच बंद करून लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घालावा, फाटले की फडक्यात बांधून वर पाटा-वरवंट्याचे वजन ठेवावे. उरलेला चोथा फेकू नये, ज्वारीच्या पिठात मिसळून त्याचे धपाटे करावेत. टोफूला स्वतःची चव अशी नसते, हे खरे. आमच्याकडे तो लसूण-मिरचीवर परतून, कांद्याची पात घालून भाताबरोबर खातात. सासूबाईंना तो आवडत नाही. त्या म्हणतात, “याच्यापेक्षा बेसन बरं.” तो त्यांचा अधिकार.

वैशाख पौर्णिमेला आपण सुजातेची आठवण म्हणून खीर करतोच. श्रीलंकेत नव्या वर्षाला आणि मंगल प्रसंगी किरिबत करतात, नारळाच्या दुधात शिजवलेला भात थापून त्याच्या वड्या पाडतात आणि बरोबर कांदा-मिरचीची झणझणीत चटणी. गोड नाही. तरी भातच तो, घरात कुणाला मधुमेह असेल तर बेतानेच वाढावा. नागपूरला नारळ महाग, म्हणून मी अर्धे नारळाचे दूध, अर्धे पाणी घेते.

इथवर सगळे घरातले झाले. गेल्या वर्षावासात गोष्ट घराबाहेर गेली.

आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन चालू होते. एका रविवारी भोजनदानाला पाच भिक्खू येणार होते, त्यांपैकी दोघे ब्रह्मदेशाचे. भिक्खूंचे जेवण दुपारी बाराच्या आत झाले पाहिजे, म्हणून बायांची बैठक आदल्या बुधवारीच झाली. कुणी पुऱ्या, कुणी मटार-पनीर, कुणी जिलबी असे वाटून घेतले. मी म्हटले, मी तोहू करीन, त्यांच्या देशाचा पदार्थ आहे, बरोबर झिंग्याची चटणी वेगळ्या वाटीत ठेवीन, ज्यांना हवी ते घेतील.

क्षणभर शांतता झाली. मग एक ताई, शिकलेल्या, नोकरीवरच्या, माझ्याशी नेहमी प्रेमाने वागणाऱ्या, म्हणाल्या, “सुकी मासळी विहारात नको गं. आजूबाजूला दुसऱ्या समाजाची घरं आहेत. लोक काय म्हणतील?”

दुसऱ्या एकीने विचारले, भिक्खूंना चालते का? यावर बरीच चर्चा झाली. जीवक सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे की आपल्यासाठी प्राणी मारला असे भिक्खूने पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते मांस घेऊ नये. तसे नसेल तर भिक्षापात्रात पडेल ते घ्यावे. थायलंड, ब्रह्मदेश, श्रीलंकेतील भिक्खू त्याप्रमाणे घेतात. चीनमधील भिक्षू आणि जपानी विहारांतील स्वयंपाक शाकाहाराचा. दोन्ही बौद्धच. आपल्या कुणी मांस सोडले असेल तर त्याचा मान राखावा. पण त्या बैठकीतला प्रश्न सुत्ताचा नव्हताच. तिथल्या प्रत्येक घरात झिंगे शिजतात, हे बसलेल्या प्रत्येकीला माहीत होते. त्या ताईंच्या घरचे मी स्वतः खाल्ले आहेत.

मला बोलायचे होते. कुशीनगरचे सांगायचे होते, खोली सोडल्याचेही. मी काही बोलले नाही. “बरं, नाही आणत,” असे म्हणून मोकळी झाले. रविवारी साधा तोहू नेला. ब्रह्मदेशाच्या भिक्खूंपैकी वयाने मोठे जे होते त्यांनी पट्टीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि तोहू हा शब्द अगदी हळू उच्चारला. दोनदा वाढून घेतला. तळलेल्या लसणाच्या वाटीशेजारी त्यांची नजर काही शोधत होती असे मला वाटले. कदाचित ते माझ्याच मनातले असेल.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले, “झिंगे नाही नेले?”

म्हटले, “नाही, आई.”

“काऊन?”

मी कारण सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पान लावायला घेतले. रात्री जेवताना म्हणाल्या, “त्या ब्रह्मी बाईनं आपल्याले खाऊ घालतानी कोणाले विचारलं व्हतं?”

ताई आणि मी पूर्वीसारख्याच बोलतो. मध्ये त्यांनी तोहूचे प्रमाण विचारले, मी लिहून दिले, झिंग्यांसकट. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

आता आषाढ पौर्णिमा जवळ आली आहे. भोजनदानाची यादी पुन्हा निघेल. माझ्या नावापुढे ‘तोहू’ असे आधीच लिहिले गेले आहे. सासूबाईंनी बुधवारी झिंगे आणायला सांगितले आहेत, शंभर ग्रॅम नाही, पाव किलो. घरासाठी की विहारासाठी, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारलेले नाही.